तिथी पाहून बोटीत बसा
मांडवा-अलिबागची एक दिवसाची सहल आणि भरती-ओहोटीचे गणित

गेटवे ऑफ इंडियासमोरून सुटलेली लाँच पाऊण ते एक तासात मांडव्याला पोहोचते. पनवेल-पेण-वडखळमार्गे रस्त्याने जायचे म्हटले, तर दक्षिण मुंबईपासून अलिबाग सुमारे शंभर किलोमीटर पडते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून या प्रवासाचा सुरुवातीचा टप्पा सुकर झाला असला, तरी सुट्टीच्या दिवशी पुढच्या रस्त्यावर होणारी कोंडी टळलेली नाही. त्यामुळे मुलाबाळांसह सकाळी निघून रात्री घरी परतायचे असेल, तर समुद्रमार्ग हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो. मात्र या सहलीचे वेळापत्रक बोट कंपनीपेक्षाही समुद्र ठरवतो. अनेक कुटुंबे बोटीची वेळ पाहतात, जेवणाचे ठिकाण ठरवतात आणि भरतीची वेळ मात्र अलिबागच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर घोडागाडीवाल्याला विचारतात. तोपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.

लाँचच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग या बसप्रवासाचा समावेश सहसा असतो. हे अंतर सुमारे वीस किलोमीटरचे आहे. रस्ता अरुंद असल्याने बसला पाऊण तास, कधी अधिकही लागतो. वाहन सोबत न्यायचे असल्यास भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे मोटारीसह तासाभरात मांडव्याला उतरता येते. लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो त्या दिवसांतही हवामान पाहून चालवली जाते.

कुलाबा किल्ल्याची वाट

अलिबागच्या किनाऱ्यावरून समोर दिसणारा कुलाबा किल्ला हे या सहलीचे मुख्य आकर्षण. ओहोटीला पायी जाता येईल आणि भरतीला पाण्याने वेढले जाईल, अशा नेमक्या खडकावर तो उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याच्या बांधकामास आरंभ केला आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे प्रमुख ठाणे झाले. तटाचे प्रचंड चिरे चुन्याने न सांधता एकावर एक रचलेले आहेत. लाटेचे पाणी त्यांच्या फटींत शिरते आणि तिचा जोर तेथेच ओसरतो. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणेश पंचायतनाचे मंदिर आहे, चारही बाजूंनी खारे पाणी असताना गोड्या पाण्याचा साठाही आहे. समुद्राकडील तटावर दोन तोफा चाकांच्या गाड्यांवर उभ्या आहेत. त्यांवर १८४९ हे साल आणि इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या ओतशाळेचे नाव वाचता येते. म्हणजे या तोफा आंग्र्यांच्या नव्हेत. मुलांना हे मुद्दाम दाखवावे, कारण किनाऱ्यावर ऐकायला मिळणारी माहिती वेगळी असते.

किल्ला पाहायला तास-दीड तास पुरतो. प्रश्न असतो तो जाण्या-येण्याचा, आणि येथे कोकणातील मच्छीमारांचा जुना हिशेब उपयोगी पडतो. तिथीला तिनाने गुणावे आणि चाराने भागावे. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होते. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांचे अंतर असते, तेव्हा पंचमीची ओहोटी सकाळी साडेनऊच्या आसपास येते. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तितकीच सरकते, हे या त्रैराशिकामागचे कारण. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून त्यावरून दिवस निवडावा आणि नेमकी वेळ मुंबई बंदराच्या भरतीच्या कोष्टकात पाहून घ्यावी. मुंबई आणि अलिबाग यांच्या वेळांत फारसा फरक नसतो.

आता गंमत अशी, की अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमारास येते. सहलीसाठी ही वेळ आदर्श वाटते, परंतु अष्टमीला भांग असतो. सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण त्या दिवसांत एकमेकांना पूरक नसते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किल्ल्याची वाट पूर्ण उघडी पडेलच असे नाही. याउलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण येते, मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती साडेचार मीटरच्याही वर जाते आणि ओहोटीला समुद्र दूरवर हटतो. पण त्या दिवशी ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी त्याच वेळेला. मुंबईहून बोटीने येणाऱ्याला दोन्ही निरुपयोगी.

तेव्हा मधल्या तिथी निवडाव्यात. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस टिकून राहतो. म्हणून चतुर्थी आणि पंचमी या तिथी आमच्या मते सर्वांत सोयीच्या आहेत. सकाळच्या पहिल्या बोटीने निघाल्यास नऊ-साडेनऊची ओहोटी गाठता येते, वाट बऱ्यापैकी मोकळी मिळते आणि ऊन चढण्याआधी किल्ला पाहून होतो. सकाळी लवकर उठण्याची ज्यांच्या घरी तयारी नसते, त्यांनी द्वादशी धरावी. त्या दिवशी ओहोटी दुपारी तीन-सव्वातीनला येते. जेवण आधी, किल्ला नंतर. अडचण इतकीच, की परतीच्या बोटीसाठी मग घाई होते. तिथी रविवारी येत नसेल, तर भरतीच्या वेळी किल्ल्यापर्यंत होडी मिळते. चालत जाण्याचा हट्ट धरू नये.

पाणी किती वेगाने चढते

किनाऱ्यावरून पायी निघण्याची वेळ ओहोटी पूर्ण होण्याच्या सुमारे दीड तास आधीची असावी आणि ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत यावे. यामागे कारण आहे. भरतीचे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण जितके पाणी चढायचे, त्याचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग चढतात. पुढे वेग पुन्हा मंदावतो. म्हणजे ओहोटीनंतर तासभर पाण्यात काही विशेष फरक दिसत नाही. किल्ल्याच्या दारात बसलेल्या माणसाला अजून वाट कोरडीच आहे असे वाटते आणि पुढच्या दोन तासांत तीच वाट छातीइतक्या पाण्याखाली जाते. घोटाभर पाण्यातून जाऊन गुडघाभर पाण्यातून परत येणारे अनेक जण येथे दिसतात. गुडघाभर हे मोठ्यांच्या मापाने. सहा वर्षांच्या मुलाला तेच पाणी कमरेच्या वर लागते, आणि ते वाहते असते.

या किनाऱ्याने मोठे दुःख पाहिले आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले.

पायांत पट्ट्याची चप्पल असावी. खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या कपच्या धारदार असतात आणि शेवाळलेल्या दगडावर साधी सपाता टिकत नाही. किल्ल्यात सावली थोडी, त्यामुळे पाणी आणि टोप्या घेऊनच निघावे.

जॅकेट अंगावर हवे

बोटीचा प्रवास एरवी निर्धोक असतो. तरीही १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. नौदलाच्या त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती. प्रवासी बोटीवर अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. त्याआधी १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एक प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा जवळच असलेल्या पोलिसांच्या गस्ती बोटीमुळे ८८ प्रवासी बचावले. आणि या सर्वांआधी १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटून सहाशेहून अधिक माणसे गेली. अलिबाग-रेवस पट्ट्यातील जुन्या घरांतून आजही तिचे नाव निघते.

त्यामुळे बोटीत चढताच जॅकेट मागून घ्यावे आणि बांधावे. ते मांडीवर ठेवून छायाचित्रे काढण्यात अर्थ नाही. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. मुलांच्या मापाचे आहे का, हे सुटण्यापूर्वीच विचारावे, नसल्यास पुढची बोट धरावी. बोटीची प्रवासी क्षमता लिहिलेली असते आणि गर्दी डोळ्यांना दिसतेच. थंडीच्या मोसमात बोटीमागे कुरव पक्ष्यांचे थवे येतात. त्यांना वेफर टाकण्याच्या नादात मुले कठड्यावर वाकतात. हा प्रकार मुलांनाही घातक आणि पक्ष्यांनाही.

वेळ उरला तर

अलिबागमध्ये कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. आंग्रे १७२९ मध्ये निवर्तले. किल्ला पाहून झाल्यावर समाधी पाहिली तर मुलांना इतिहासाचा सांधा लागतो. बाजारात फेब्रुवारीपासून पांढऱ्या कांद्याच्या वेणीसारख्या गुंफलेल्या माळा दिसू लागतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा चवीला गोडसर असतो. अस्सल माल हवा असल्यास रस्त्यावरच्या पहिल्याच टपरीवर थांबू नये.

थळच्या समोर दिसणाऱ्या खांदेरी-उंदेरीचा मोह अनेकांना होतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी ती रोखण्यासाठी जहाजे पाठवली आणि मायनाक भंडारी यांनी बेट राखले. शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाण मांडले. बेटावर १८६७ मध्ये उभारलेले दीपगृह आणि वेताळाचे ठाणे आहे, शिवाय आपटल्यावर धातूसारखा नाद देणारा एक खडक. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले, त्यांत खांदेरी आहे. परंतु येथे जायचे तर थळहून मच्छीमारांची बोट ठरवावी लागते आणि उतरणेही समुद्राच्या मर्जीवर. कुलाबा आणि खांदेरी एकाच दिवसात बसवू नयेत. जंजिऱ्याचेही तेच. मुरूड अलिबागपासून सुमारे पन्नास किलोमीटर, पुढे राजपुरीहून शिडाच्या होडीचा प्रवास; वाटेवरचे फणसाड अभयारण्य पाहायचे तर मुक्काम हवाच. नवाबाचे शिकारीचे राखीव जंगल असलेल्या या भागाला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि शेकरू पाहायचे असेल तर पहाटे जंगलात असावे लागते.

आजी-आजोबा सोबत असतील आणि पाण्यातून चालणे नको असेल, तर घारापुरी बरी. मुंबईकर तिला आपलीच समजत असले, तरी हे बेट रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात आहे. गेटवेहून तासाभरात बोट पोहोचते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे आणि त्यापुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. चढणे जमत नसेल तर डोली मिळते. १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या लेण्यांना सोमवारी सुट्टी असते. माकडे हातातील पिशवी हिसकावतात. पोर्तुगिजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा हे नाव दिले, तो हत्ती मात्र बेटावर नाही. तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा आहे. त्यासाठी दुसरा रविवार राखून ठेवता येईल.

परतीचा हिशेब उलट्या दिशेने मांडावा. मांडव्याहून शेवटची लाँच ज्या वेळी सुटते, त्याच्या किमान दीड तास आधी अलिबागच्या बसमध्ये बसलेले असावे. रविवारी संध्याकाळी बसही भरून येते आणि धक्क्यावर रांग लागते. तिकीट परतीचे असले, तरी विशिष्ट बोटीतील जागा त्यात राखलेली आहे का, हे सकाळी खिडकीवरच विचारून घ्यावे. हंगामानुसार फेऱ्या बदलतात, आणि वारा वाढल्यास शेवटची फेरी रद्दही होते. अशा वेळी अलिबागहून पनवेलकडे जाणाऱ्या एसटीची वेळ खिशात असलेली बरी.