मोबाईल म्हणतो ४१, मग चौकात चटका ५० चा का बसतो? तापमानाचं गणित सोप्या भाषेत

दाखल्याच्या किंवा दवाखान्याच्या कामाला गावाकडचा माणूस शहरात येतो. दुपारी दोनच्या सुमारास तो उस्मानपुऱ्याच्या चौकात रिक्षाची वाट बघत उभा राहतो. मोबाईलवर आकडा दिसतो ४१ अंश. पण पायाखालचं डांबर, समोरच्या बसचा पत्रा आणि अंगाला लागणारी झळ काही वेगळंच सांगत असते. मग मोबाईल खोटं बोलतो का? नाही. तो आकडा उन्हाचा नसतो, सावलीतल्या हवेचा असतो.

तापमान मोजतात कुठे?

आपल्या शहराचं अधिकृत तापमान चिकलठाणा वेधशाळेत मोजलं जातं. तापमापक उन्हात ठेवत नाहीत. जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, हवा खेळती राहील अशा जाळीच्या पांढऱ्या पेटीत तो असतो. जगभर हीच पद्धत आहे, म्हणून एका गावाच्या आकड्याची तुलना दुसऱ्या गावाशी करता येते. मोबाईलमधला आकडाही तुमचा मोबाईल स्वतः मोजत नाही. तो त्या भागासाठी काढलेला अंदाज असतो.

उन्हात मात्र हवेसोबत थेट सूर्याची उष्णताही अंगावर पडते. हवा ४१ अंश असताना डांबरी रस्ता किंवा काळ्या रानाची वरची माती सहज ५५ ते ६० अंशांवर जाते. पत्र्याचंही तेच. अनवाणी पायाला फोड येतात ते यामुळे. लहान लेकरू आणि बकरीचं पिल्लू जमिनीच्या जवळ असतं, म्हणून त्यांना झळ जास्त लागते.

४२ झाले तरी 'लाट' का नाही म्हणत?

हवामान खात्याचा नियम असा आहे. मैदानी भागात पारा किमान ४० अंश हवा आणि तो त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी जास्त हवा, तर उष्णतेची लाट धरतात. फरक ६.४ अंशांपेक्षा जास्त असेल तर तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ वर गेला तर लाट आणि ४७ वर गेला तर तीव्र लाट. समजा मे महिन्यात एखाद्या दिवसाची सरासरी ३९ आहे, तर लाट म्हणायला ४३.५ लागतील. म्हणून ४२ ला इशारा आला नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही.

देशातला नोंदलेला सर्वात जास्त पारा राजस्थानातल्या फलोदीचा आहे, १९ मे २०१६ रोजी ५१ अंश. जगातली नोंद अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीची, १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश.

३८ अंशही जीव घेऊ शकतात

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर उन्हात लाखो लोक बसले होते. पारा ३८ अंशांच्या आसपास होता, पण सरकारी माहितीनुसार उन्हाचा त्रास होऊन १४ जणांचा जीव गेला. कारण किनारपट्टीच्या हवेत दमटपणा जास्त असतो.

आपलं शरीर ३७ अंशांवर चालतं. घाम येऊन तो वाळतो तेव्हा अंग थंड होतं. हवा दमट असली की घाम नुसता निथळतो, वाळत नाही, आणि उष्णता आतच साठते. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असते, त्यामुळे घाम लगेच वाळतो. कूलरही म्हणूनच आपल्याकडे चालतो आणि मुंबईत फारसा उपयोगी पडत नाही. पण कोरड्या हवेचा एक धोका आहे. किती घाम गेला हे कळतच नाही आणि माणूस पाणी प्यायचं विसरतो. पाऊस जवळ आला की आपल्याकडेही दमटपणा वाढतो. तेव्हा पारा उतरला तरी त्रास वाढू शकतो.

लोखंड, तारा आणि मोबाईल

उष्णतेनं धातू वाढतो. मोकळा असलेला एक किलोमीटर लोखंडी रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ३५ सेंटीमीटर लांब होतो. म्हणून जुन्या रुळांच्या जोडात फट ठेवत. विजेच्या तारांचंही तसंच आहे. दुपारी त्या ताणून वाढतात आणि खाली लोंबतात. सकाळी तारेखालून गेलेली कडब्याची गाडी दुपारी जाईलच असं धरू नका.

मोबाईल ट्रॅक्टरच्या टपावर किंवा गाडीच्या काचेजवळ ठेवू नका. बॅटरी लवकर खराब होते. उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं, त्यामुळे लेकराला पाच मिनिटंही आत ठेवू नका.

तापमान आणि उष्णता एक नाही

वेल्डिंगची ठिणगी हजार अंशांच्या पुढची असते, तरी हातावर पडली तर बारीक चटका बसतो. उकळत्या पाण्याची घागर जेमतेम १०० अंशांची, पण अंगावर सांडली तर माणूस दवाखान्यात जातो. ठिणगी लहान, म्हणून तिच्यात साठलेली उष्णता थोडी. घागरीत ती भरपूर.

लक्षात ठेवायचे आकडे (अंश सेल्सिअस)

- शरीर: ३७
- उष्माघातात शरीराचं तापमान: ४० किंवा जास्त
- आपल्या भागात पाणी उकळतं: सुमारे ९८ (समुद्रकाठी १००)
- गुळाचा पाक उतरवतात: ११५ ते १२०
- ॲल्युमिनियम वितळतं: ६६०
- तांबं: १०८५
- लोखंड: १५३८
- सूर्याचा पृष्ठभाग: सुमारे ५५००

उष्माघात कसा ओळखायचा?

माणूस बरळतो, झोक जातो, अंग तव्यासारखं लागतं, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. घाम थांबलेला असू शकतो, पण काम करताना त्रास झाला असेल तर घाम येतही असतो. अशा वेळी 'थोडं पडू द्या, बरं वाटेल' म्हणत बसू नका.

१. लगेच १०८ ला फोन करा.
२. सावलीत न्या, कपडे सैल करा.
३. अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. मान, काख आणि जांघेत बर्फ किंवा ओली फडकी ठेवा.
४. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं.

शुद्धीत असेल तर ओआरएस द्या. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

रानातली कामं सकाळी ११ च्या आत उरका आणि उरलेली चारनंतर धरा. पत्र्यावर चुना मारा, घर काही अंशांनी थंड राहतं. कोंबड्यांना घाम येत नाही आणि म्हशीला तो कमी येतो, त्यामुळे त्यांना दुपारी सावली आणि पाणी हवंच. मोबाईलवरचा आकडा बघताना एवढं ध्यानात ठेवा की तो सावलीचा आहे, आणि तुम्ही उन्हात आहात.