पापणी वर धरणारी बायको

लग्नाच्या गडबडीत भाचीने आरशासमोरून विचारलं, “मावशी, डोळ्यांच्या कडेच्या या सुरकुत्यांना बोटॉक्स घेऊ का गं?”

मला आमचा नेत्रविभाग आठवला. मी तिथे परिचारिका होते, तेव्हा ही सुई कुणी सुंदर दिसायला घेत नसे. पापण्या आपोआप घट्ट मिटतात, उघडता उघडत नाहीत, असे लोक यायचे. एक शिंपीकाका होते. सुईत दोरा ओवताना त्यांची पापणी वर धरायला बायको शेजारी बसायची.

बोटॉक्स मूळचं विषच. 1820च्या सुमारास जर्मनीत युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने (गडी कवीही होता) नासकी सॉसेज खाऊन आजारी पडलेल्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या पापण्या गळतात, हे त्याने टिपलं. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलुस’ म्हणतात. विषाचं नाव त्यावरून पडलं. 1895 मध्ये बेल्जियमच्या एका खेड्यात मयताला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं, तिघे दगावले, आणि त्या हॅममधून व्हान एर्मेन्गेम या शास्त्रज्ञांनी हे विष बनवणारा जंतू शोधून काढला.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट तिरळ्या डोळ्यांवर बिनचिरफाडीचा उपाय शोधत होते. मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचूच द्यायचा नाही, हा या विषाचा गुण त्यांनी कामाला लावला. आधी माकडांवर, मग माणसांवर. 1989 मध्ये अमेरिकेने तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला परवानगी दिली.

सौंदर्याची वाट रुग्णानेच दाखवली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरदर्स यांच्याकडे पापण्यांच्या आकडीची एक बाई येई. एकदा भुवयांमध्ये सुई टोचली नाही म्हणून ती रुसली. तिथे टोचलं की चेहरा निवांत दिसतो, हे तिला कळलं होतं. जीनबाईंचे यजमान अ‍ॅलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी आपल्या स्वागतिकेवर प्रयोग केला आणि 1992 मध्ये निबंध छापला. भुवयांमधल्या आठ्यांना अमेरिकेत 2002 मध्ये परवानगी मिळाली, डोळ्यांच्या कडांना 2013 मध्ये.

भाचीला म्हटलं, घे बाई. हसताना पडणाऱ्या रेषा तीन-चार महिने मऊ होतील. पापणीवर लोंबणाऱ्या कातडीला मात्र सुई चालत नाही, तिथे शस्त्रक्रियाच लागते. आणि पार्लरमध्ये जाऊ नकोस, डॉक्टर गाठ. औषध भलत्या जागी उतरलं तर पापणी खाली येते आणि कित्येक आठवडे वर जात नाही.