जातं गेलं, मग काय आलं?

दिवाळीत रत्नागिरीला घरी गेलो तेव्हा आईचा रिपोर्ट हातात पडला. वय ५३, पाळी थांबून तीन वर्षं झालेली, आणि एचबीए१सी ६.२. म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. आई म्हणाली, "मी कुठे जाडी आहे रे? आणि दिवसभर कामच तर करते!" त्यावर आजी म्हणाली, "काम? आम्ही पहाटे उठून दळायचो!"

पुण्याला परतताना एसटीत रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं.

आजीच्या तरुणपणी घरात जातं, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा आणि विहिरीला रहाट, असं अख्खं जिम होतं. मग गिरण आली, पंप आला, मिक्सर आला. बरंच झालं! जात्याचं कौतुक करणाऱ्याने आधी पायलीभर नाचणी दळून दाखवावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावी जाऊन जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा करवल्या. त्यात माहेरची माया आहे, तसे कष्टही आहेत.

बायकांचा हक्काचा खेळ म्हणजे मंगळागौर. झिम्मा, फुगड्या, पिंगा... घाम निघतोच. पण ते व्रत लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांचं. पन्नाशीनंतर काय? १९५१ च्या सुमारास भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षं होतं. बालमृत्यूंमुळे आकडा खाली ओढला जातो हे खरं, तरी पाळी गेल्यावर पंचवीस-तीस वर्षं जगायचं, हे इतक्या मोठ्या संख्येने आपल्याकडे नवीनच.

विज्ञानालाही ही बाई उशिरा दिसली. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा जेरी मॉरिस यांचा गाजलेला अभ्यास १९५३ चा. लंडनच्या डबलडेकर बसमध्ये सतत जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. पण तपासले ते सगळे पुरुष! पन्नाशीपुढच्या दीड लाखाहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास अमेरिकेत सुरू व्हायला १९९१ उजाडलं. २००२ च्या जुलैमध्ये त्यातला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांचा भाग थांबवावा लागला, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला. आणि त्याच सप्टेंबरात, त्याच अभ्यासातल्या सुमारे ७४ हजार बायकांच्या नोंदींवरून कळलं की नियमित भरभर चालणाऱ्यांना हृदयविकार बराच कमी होतो, जवळजवळ जोरदार व्यायाम करणाऱ्यांइतकाच. गोळी हरली, चाल जिंकली :)

आता आईच्या "मी कुठे जाडी?" चं उत्तर. इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी कंबर-मांड्यांऐवजी पोटात साठू लागते आणि इन्सुलिनचं नीट चालेनासं होतं. त्यात आपण भारतीय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचाच फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनकाटा सगळं सांगत नाही.

जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायू उचलतात, आणि आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही ती आत घेतो. म्हणूनच आजीचं दळण नुसतं 'काम' नव्हतं. घरातलं आजचं काम थकवतं, पण स्नायूंवर तेवढा भार पडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सुचवते, ते याचसाठी.

मी काही डॉक्टर नाही. आईच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. आता ती रोज संध्याकाळी मांडवीपर्यंत भरभर चालते आणि दोन दिवस पाण्याच्या बाटल्या उचलते. आजी खुर्चीत बसून मोजते आणि मधूनच म्हणते, "आमच्या वेळी याच्या दुप्पट!"

असो. जातं परत आणायचं नाहीये. पण त्याची जागा रिकामी ठेवून चालणार नाही. आज घरी फोन कराल तेव्हा "जेवलीस का?" च्या बरोबर "चाललीस का?" हेही विचारा.