लोणारचा रंग आणि प्रकाश पकडणारी प्रथिनं

नांदेड-लातूरच्या क्लासेसमध्ये ‘नीट’साठी प्रकाशसंश्लेषण पाठ करणारी मुलं आपण घरोघरी बघतो. हिरवं पान, हरितद्रव्य, संपला धडा. पण याच विषयाचा मोठा इतिहास पानाबाहेरचा आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला सापडतं.

२०२० च्या जूनमध्ये तिथलं हिरवं पाणी गुलाबी झालं. नाना तर्क निघाले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले; निघाले हॅलोआर्किया, म्हणजे खारं पाणी मानवणारे सूक्ष्मजीव. पाणी आटलं, क्षार वाढले, ते फोफावले.

आता हिरवा रंग कुणाचा? मुख्यतः स्पिरुलिनाचा. त्याच्याकडे फायकोसायनिन नावाचं निळं प्रथिन असतं. ते प्रकाश टिपतं आणि ऊर्जा हरितद्रव्याकडे सोपवतं. हॅलोआर्कियाचं तंत्र निराळं. त्यांच्यातल्या काहींकडे बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन असतं. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी दाखवलं, की त्यात आपल्या डोळ्यात असतं तसंच रेटिनल आहे. १९७५ मध्ये हेंडरसन आणि अनविन यांना त्याच्या रचनेत ७ सर्पिल दांड्या दिसल्या. उजेड पडला की हे प्रथिन प्रोटॉन बाहेर ढकलतं. पण कार्बन डायऑक्साइडपासून अन्न काही बनवत नाही. म्हणजे रंग दिसला की प्रकाशसंश्लेषण आलंच, असं समजायचं नाही.

तिसरे जांभळे जीवाणू. हे मात्र खरं प्रकाशसंश्लेषण करतात, तेही ऑक्सिजन न सोडता. त्यांची प्रथिनं पेशीच्या तेलकट पडद्यात रुतलेली. त्यांचे स्फटिक करणं महाकठीण. डायझेनहोफर, ह्यूबर आणि मिशेल यांनी १९८५ मध्ये अभिक्रिया-केंद्राची रचना उलगडली आणि १९८८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. पुढं १९९५ मध्ये ग्लासगोच्या गटानं प्रकाश गोळा करणारं एलएच-२ उलगडलं: ९ घटकांचं कडं, त्यात २७ जीवाणू-हरितद्रव्याचे रेणू, एका कड्यात १८ आणि दुसऱ्यात ९. विहिरीवरचा रहाट आठवा. फरक एवढाच, की इथं गाडगी जागची हलत नाहीत, पाणीच एका गाडग्यातून दुसऱ्यात जातं. ९ च्या कड्याकडून १८ च्या कड्याकडे ऊर्जा जायला साधारण सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा वेळ लागतो.

२०२० मध्ये लोणार रामसर यादीत आलं. पण पाटी लावून पाणी राखलं जात नाही. सांडपाणी शिरलं, खारेपण बिघडलं, तर तिथं कोण जगेल हेही बदलेल. आणि कोट्यवधी वर्षं घासून तयार झालेली ही यंत्रं आपण उघडून पाहण्याआधीच जातील. म्हणून पुढच्या सहलीला मुलांना फोटो तर काढू द्याच, पण पाण्याचा रंग आणि खारेपणही वहीत नोंदवायला सांगा.