साल्वातोर मुंडी आणि काचेचा गोळा

सौदी अरेबिया आणि लिओनार्दो दा विंची यांचा काय संबंध? माझं उत्तर एकच: 'साल्वातोर मुंडी' हे येशूचं चित्र.

१९५८ साली लंडनच्या लिलावात ते अवघ्या ४५ पौंडांना गेलं. तेव्हा ते लिओनार्दोचं आहे असं कुणी मानतच नव्हतं. २०१७ साली न्यूयॉर्कला तेच ४५ कोटी डॉलर्सना विकलं गेलं, बोली सौदी राजपुत्र बद्र बिन अब्दुल्ला यांच्या नावाने.

माझ्यासारख्या इंजिनिअरचा डोळा मात्र जातो तो येशूच्या हातातल्या काचेच्या गोळ्यावर. पाण्याने भरलेला गोल चंबू डोळ्यांसमोर धरून पाहा, पलीकडचं सगळं उलटं दिसतं. भरीव काचेचंही तेच. चित्रात मात्र गोळ्यामागच्या झग्याच्या चुण्या सरळच आहेत. प्रकाश आणि डोळा यांवर वह्याच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाची ही चूक? की गोळा पोकळ? की चित्र शिष्याचं? जाणकारांत अजून एकमत नाही.

निवाडा करायचा तर वह्या आणि चित्र दोन्ही पाहायला हवीत. वह्यांचं सोपं आहे. मिलानमधल्या 'कोदेक्स अतलांतिकस'ची हजारावर पानं, त्यातल्या उलट्या अक्षरांसकट, मी घरबसल्या इंटरनेटवर पाहतो. चित्र मात्र त्या लिलावानंतर लोकांसमोर आलेलंच नाही. २०१९ साली पॅरिसच्या लूव्रमध्ये लिओनार्दोचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथेही ते नव्हतं.

४५ पौंडांचं होतं तेव्हा ते निदान कुणाच्या तरी भिंतीवर होतं!