चाळीस वॅट

आकाशवाणीच्या जन्माचा विषय निघाला म्हणजे आपण मराठी माणसे, काहीशा अभिमानाने, 23 जुलै 1927 या तारखेकडे आणि त्या दिवशी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उघडलेल्या मुंबईच्या केंद्राकडे बोट दाखवितो. परंतु त्याच्या तीन वर्षे आधी, 16 मे 1924 रोजी, मद्रासेत सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने 'मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब' स्थापन झाला होता आणि त्याच वर्षीच्या 31 जुलैपासून त्याचे कार्यक्रम एग्मोर भागातून आकाशात जाऊ लागले होते, याची आठवण आपल्याकडे क्वचितच निघते. मुंबईच्या रेडिओ क्लबने असाच प्रयोग 1923 मध्ये केलेला असल्यामुळे मानपानाचा हा हिशेब लांबविण्यात अर्थ नाही, आणि मला स्वतःला पहिले कोण यापेक्षा एका आकड्याचे कुतूहल अधिक आहे. क्लबचा पहिला ट्रान्समीटर 40 वॅटांचा होता. माजघरातल्या एका मंद दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढ्या शक्तीवर या हौशी मंडळींनी एका महानगराला गाणे आणि व्याख्यान ऐकविण्याचा मनसुबा रचला होता.

पुढे 200 वॅटांचे यंत्र आले. वॅट वाढले, वर्गणी मात्र त्या मानाने वाढली नाही, आणि 1927 च्या ऑक्टोबरात पैशाअभावी क्लबला आपला व्याप आवरून यंत्र मद्रास कॉर्पोरेशनच्या हवाली करावे लागले. कॉर्पोरेशनने 1 एप्रिल 1930 पासून स्वतःची प्रसारणसेवा सुरू केली, मरीना किनाऱ्यावर ध्वनिवर्धक लावले, आणि संध्याकाळी वारा खावयास आलेल्या मद्रासकरांना, ज्यांच्या घरी यंत्र असणे शक्यच नव्हते, समुद्राच्या गाजेबरोबर कर्नाटक संगीतही ऐकू येऊ लागले. 16 जून 1938 रोजी ऑल इंडिया रेडिओचे केंद्र उघडेपर्यंत ही नगरपालिकेची आकाशवाणी चालू होती. रेडिओला तमिळमध्ये 'वानोलि', म्हणजे आकाशातला नाद, म्हणतात. तो नाद किती मोठा असावा, हा प्रश्न त्याच्या जन्मापासूनच त्याच्या मागे लागलेला आहे.

प्रश्न वस्तुतः दोन आहेत, आणि नवशिका त्यांची हटकून गल्लत करतो. ट्रान्समीटरची शक्ती ही एक बाब. त्या शक्तीवर आवाजाचा भार किती घालावयाचा ही दुसरी. जुन्या पद्धतीत आवाजाच्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीची उंची कमीजास्त केली जाई. आवाज फार हलका ठेवला तर सारी शक्ती मुकी जावयाची. फार चढविला तर लहर खालच्या बाजूला शून्याला टेकून क्षणभर तुटावयाची, आणि त्या तुटण्यातून उडालेले शिंतोडे शेजारच्या लहरींवरील निरपराध माणसांच्या कानांत जावयाचे. अर्थात अधिक दूर ऐकू जावे म्हणून जो ओरडला, तो दूर तर गेलाच नाही, उलट शेजाऱ्याच्या मात्र अंगणात शिरला. मात्रा ओलांडली की अमृताचेही विष होते, अशी जी म्हण तमिळ माणसाच्या तोंडी नेहमी असते, ती या शास्त्राला इतकी चपखल लागू पडते की ती कोणा रेडिओवाल्यानेच रचली असावी, असे गमतीने वाटून जाते.

महायुद्ध सुरू होताच, 1939 मध्ये, सरकारने हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या यंत्रावरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचे, परवाने रद्द केले, ते युद्ध संपल्यावर, 1946 च्या सुमारास, परत मिळू लागले. 1978 च्या नियमावलीत परवान्याच्या प्रतवारीप्रमाणे शक्तीची मर्यादा ठरविलेली होती: खालच्या प्रतीला 50 वॅट, सर्वांत वरच्या प्रतीला 400. ही मर्यादा मोजण्याची रीतही सरकारदरबारी शोभेलशी सरळ होती: यंत्राच्या अखेरच्या टप्प्यास जाणारा विद्युत्दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. शक्ती अशी दप्तरात नोंदविता येत होती. ध्वनिपातळी मात्र चालकाच्या सद्सद्विवेकावर आणि पलीकडच्या गृहस्थाच्या स्पष्टवक्तेपणावर सोडलेली होती. "तुमचा आवाज फाटतो आहे," हे वाक्य जो रागावल्यावाचून ऐकू शकला, त्यालाच हा छंद लाभला.

संगणक आला आणि बोलण्याची जागा त्याच्या साऊंड कार्डातून निघणाऱ्या स्वरांनी घेतली, तेव्हा हा स्पष्टवक्ता गृहस्थही गेला, कारण आता ऐकणारा माणूस नव्हे, यंत्र होते. 1998 च्या अखेरीस इंग्लंडच्या पीटर मार्टिनेझ यांनी पीएसके-31 ही पद्धत प्रचारात आणली, सेकंदाला 31.25 चिन्हांच्या गतीने, अत्यंत चिंचोळ्या पट्ट्यातून, टंकलेखनाच्या वेगाने मजकूर जाऊ लागला. येथे जुनी सवय नडली. बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात शिखरे असतात, पण दोन शब्दांमध्ये विसावाही असतो, आणि शिखर फार उंच गेलेच तर यंत्रातील एएलसी नावाची व्यवस्था ते आपोआप दाबते. म्हणून बोलताना एएलसीचा काटा हललेला पाहून चालकाला समाधान वाटे. संगणकाच्या स्वराच्या बाबतीत तोच हलणारा काटा धोक्याची सूचना ठरला, कारण दाबल्या गेलेल्या स्वराच्या दोन्ही बाजूंस पडद्यावर त्याच्या भुतासारख्या फिकट रेषा उमटतात आणि दुसऱ्याची जागा अडवितात.

मद्रासचे 1996 मध्ये चेन्नई झाले, आणि त्यानंतरच्या दशकात या शिस्तीचा एक अपूर्व धडा त्या शहराच्या जवळूनच आकाशात गेला. 5 मे 2005 रोजी, पुलिकत सरोवरापलीकडील श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्हीच्या नवव्या उड्डाणात हौशी रेडिओचालकांसाठी बनविलेला सुमारे 42 किलो वजनाचा 'हॅमसॅट' उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या दोन प्रतिप्रेषकांपैकी (ट्रान्सपाँडर) एक भारतीय चालकांनी व दुसरा हॉलंडमधील एका विद्यार्थ्याने तयार केलेला होता, आणि त्यातून पृथ्वीकडे परतणारी शक्ती होती सुमारे एक वॅट. ही एक वॅटाची शिदोरी त्या क्षणी बोलणाऱ्या सर्वांत वाटली जाई. खालून जो अधिक जोराने पाठवी त्याच्या पानात अधिक पडे, आणि उरलेल्यांचे आवाज तितकेच क्षीण होत. पंगतीत बसून पातेले स्वतःकडे ओढण्याचाच हा प्रकार, आणि तोही अर्ध्या पृथ्वीच्या देखत! 2014 च्या जुलैत तो उपग्रह थांबला. दोनच वर्षांनी, 22 जून 2016 रोजी, त्याच श्रीहरिकोट्याहून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बनविलेला, जेमतेम एक किलोचा 'स्वयम्' गेला. निरोप एका ठिकाणी घेऊन साठवावा व दुसऱ्या ठिकाणी उतरवावा, हे डाकहरकाऱ्याचे काम त्याच्याकडे होते. त्याच अग्निबाणावर चेन्नईच्या सत्यभामा विद्यापीठाचाही एक लहानगा उपग्रह होता. पुणे आणि मद्रास यांचा असा सहप्रवास फार वेळा घडत नाही.

यानंतर 2017 मध्ये संगणकी संदेशांची एफटी-8 ही पद्धत आली. तिचे एक कर्ते जो टेलर हे खगोलभौतिकीतील संशोधनाबद्दल 1993 चे नोबेल पारितोषिक मिळविलेले. अतिक्षीण संकेत गोंगाटातून वेचून काढण्याचा त्यांचा व्यासंग येथे हौशी लोकांच्या कामी आला. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या, प्रत्येक पाळीत 12.64 सेकंदांचे प्रेषण, आणि गोंगाटाच्या शंभराव्या हिश्श्याइतका संकेतही वाचता येतो. अशा पद्धतीत शक्ती वाढविण्याचा मोह व्हावयाचे कारणच नव्हते, तरी तो होतोच. 700 हर्ट्झचा स्वर प्रमाणाबाहेर चढविला तर त्याची 1400 आणि 2100 वरची भुते त्याच पट्ट्यात इतरांच्या बोकांडी बसतात. स्वर 1500 ते 2000 च्या दरम्यान ठेवला तर दुप्पट पटीची भुते यंत्राच्या गाळणीपलीकडे पडून तेथेच विरतात. म्हणून जाणता चालक प्रथम संगणकावरील ध्वनिपातळी उतरवीत उतरवीत एएलसीचा काटा निश्चल होऊ देतो, आणि मगच शक्तीकडे वळतो.

त्या शक्तीचाही चेन्नईत एक खास हिशेब आहे. मे महिन्यात, अग्निनक्षत्रम् नावाचा ऐन उन्हाचा काळ चालू असता, खोलीतली हवाच भट्टीसारखी तापलेली असते, आणि बोलण्यासाठी 100 वॅटांचे म्हणून विकलेले यंत्र विसाव्याशिवाय चालणाऱ्या या स्वरांखाली पाचदहा मिनिटांत हात लावू देत नाही. निर्मातेच सांगतात की अशा कामी शक्ती निम्म्यावर आणावी. समुद्राकाठचा माणूस, यंत्राची दया येऊन, आणखी थोडी खाली उतरवितो. काटा चाळिसाच्या आसपास थांबतो.