अंगुलिशस्त्र : कंठरोगांवरील एक प्राचीन शस्त्र

आपल्या शल्यतंत्रांतील शस्त्रांचीं नांवें पुष्कळांस ठाऊक असतात. परंतु प्रत्येक शस्त्राचा आकार कसा होता व तें कोठें चालवीत, हें ठरविणें तितकें सोपें नाहीं. सुश्रुतानें शस्त्रें वीस सांगितलीं आहेत, वाग्भटानें अष्टांगहृदयांत सव्वीस. सुश्रुताच्या गणनेंत ‘मुद्रिका’ व वाग्भटाच्या वर्णनांत ‘अंगुलिशस्त्र’ या नांवानें येणारें एक लहानसें शस्त्र आहे. नुसतें नांव वाचणारास तो बोटांतील दागिना वाटावा. वस्तुतः घशाच्या आंत चालवावयाचें तें पातें होय. त्याची घडण अशी कां, हें निरनिराळ्या स्थळांचीं वचनें एकत्र ठेवल्यावांचून उलगडत नाहीं. तेंच काम प्रस्तुत लेखांत केलें आहे.

सुश्रुत सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायांत मुद्रिकेस छेदन व भेदन करणाऱ्या शस्त्रांत घालतो, आणि तिचें माप तर्जनीच्या अग्रपर्वाएवढें सांगतो. एवढ्यावरून आकृति काढूं जाणें धोक्याचें आहे. राहिलेला भाग वाग्भट सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायांत पुरवितो. त्याचें म्हणणें असें : अंगठीसारख्या वळ्यांतून पातें पुढें निघालेलें असावें; त्याचें फळ अर्धा अंगुळ लांब, आकारानें वृद्धिपत्रासारखें किंवा मंडलाग्रासारखें असावें; वळें तर्जनीच्या अग्रपर्वावर बसणारें असावें; शस्त्र दोऱ्यानें बांधलेलें असावें; आणि कंठमार्गांतील रोगांच्या छेदनभेदनास तें वापरावें. मापाच्या बाबतींत दोघांची एकवाक्यता आहे, व क्रियाही त्याच दोन आहेत. तेव्हां सुश्रुताची मुद्रिका व वाग्भटाचें अंगुलिशस्त्र हीं एकच होत, याविषयीं शंका उरत नाहीं.

आतां असें शस्त्र लागावें असे कंठरोग कोणते, तें पाहूं. आंवळ्याच्या आठोळीएवढी कठीण गांठ घशांत होते, तिला गिलायु म्हणतात. ती शस्त्रानेंच बरी करावी असें सुश्रुत चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायांत म्हणतो. गलविद्रधि पूर्ण पिकलेला असून मर्मावर नसेल तर तो फोडावा, असेंही तेथेंच आहे. पडजीभ वाढून होणारी गलशुंडिका मात्र चिमटींत धरून ओढावी व मंडलाग्रानें तिचा तिसरा हिस्सा कापावा. अधिक कापल्यास रक्त वाहून रोगी दगावतो. कमी कापल्यास सूज, लाळ, झोंप, भ्रम व डोळ्यांपुढें अंधारी हे उपद्रव होतात. इतक्या अरुंद जागीं इतकें मोजून कापावयाचें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे शस्त्राच्या घडणीविषयींची ग्रंथकारांची काळजी समजते.

परंतु पात्यास दांडा न देतां वळें कां दिलें? या प्रश्नाचें उत्तर कंठरोगांच्या अध्यायांत नाहीं. तें मूढगर्भाच्या प्रकरणांत सांपडतें. गर्भ मृत झाला असतां मंडलाग्रानें किंवा अंगुलिशस्त्रानें शिरोभेद करावा असें सुश्रुत चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायांत सांगतो, आणि आंत वृद्धिपत्र चालवूं नये, कारण त्याचें टोंक तीक्ष्ण असल्यामुळें स्त्रीस इजा होईल, असा इशाराही देतो. गर्भाशय व घसा या दोन्ही स्थळीं एक गोष्ट समान आहे : तेथें दृष्टि नीट पोंचत नाहीं, बोट पोंचतें. जें बोट रोग चांचपतें त्याच बोटावर पातें बसविलें म्हणजे स्पर्श हाच डोळा होतो. दांड्याचें शस्त्र हातापासून लांब चालतें, हें मात्र बोटाबरोबरच आंत जातें व बाहेर येतें. अंगुलिशस्त्राचें मर्म हेंच, असें माझें मत आहे. सुश्रुताचा इशारा घशासही लावावयाचा तर वाग्भटानें सांगितलेल्या दोन आकारांपैकीं वाटोळ्या अग्राचा मंडलाग्रसदृश आकारच अधिक सुरक्षित ठरतो.

दोऱ्याचा हेतूही यावरून स्पष्ट होतो. ओलसर घशांत, रोगी ओकूं लागला असतां, वळें बोटावरून निसटून गिळलें जाण्याचें भय असतें. दोरा असला म्हणजे तें परत ओढतां येतें. हीच युक्ति सुश्रुत हाडकाच्या शल्यासही योजतो. केसांची गुंडी दोऱ्यास बांधून पातळ अन्नाबरोबर गिळावयास देतात, मग ओकवितात, व शल्य गुंडींत अडकतांच दोरा एकदम खेंचतात.

जेथें पाहणें शक्य तेथें आपले आचार्य पाहूनच काम करीत, हेंही विसरतां कामा नये. कंठांतील शल्य पाहण्यासाठीं दहा अंगुळें लांब व पांच अंगुळें घेराची नळी वाग्भटानें स्वतंत्र सांगितली आहे. घशांत लाख अडकल्यास नळींतून तापविलेली शलाका घालून लाखेस चिकटवावी, थंड पाण्यानें ती घट्ट करावी व मग ओढून काढावी, अशी सुश्रुताची रीत आहे. नळी डोळ्यासाठीं, अंगुलिशस्त्र बोटासाठीं, अशी ही विभागणी आहे.

गिरींद्रनाथ मुखोपाध्याय यांच्या १९१३-१४ सालच्या कलकत्त्याच्या ग्रंथांत या शस्त्रांचीं चित्रें आहेत. त्यांचे परिश्रम मोठे. पण तीं चित्रें मुख्यतः वर्णनांवरून योजिलेलीं आहेत, वस्तु समोर ठेवून काढलेलीं नव्हेत. चित्र हा पुरावा नव्हे, पुराव्याचा अर्थ होय. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ टीका लिहिली. हरिशास्त्री पराडकरांच्या १९३९ च्या निर्णयसागर आवृत्तींत ती अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरे’सह छापली आहे. या स्थळाचा विचार करणारानें दोन्ही टीका मूळाशेजारीं ठेवून वाचाव्या.

संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या वैद्यघराण्याच्या पेटींत लहान पातें जडलेलें वळें आढळल्यास तें मोडींत घालूं नये. वळ्याचा आंतील घेर, फळाची लांबी, धार कोणत्या बाजूस आहे व दोरा ओंवण्यास भोंक किंवा कडी आहे कीं काय, या चार गोष्टी टिपाव्या आणि वस्तु कोठें मिळाली तें लिहावें. पोथींत हें स्थळ असेल तर समासांतील टीप व पाठभेदही उतरून घ्यावे. वळें एकदां मुशींत वितळलें म्हणजे या वचनांचा उरलासुरला साक्षीदारही गेला.